चालण्याच्या जोडीला

चाळिशीनंतर पुरुषाने रोज चालले की पुरे, असे अनेकजण म्हणतात; त्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. चालण्याने हृदयाला फायदा होतो हे खरेच. परंतु वयानुसार झिजणारे स्नायू टिकवायचे असतील, तर आठवड्यातून किमान २ दिवस जोर, बैठका किंवा वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम हवाच, आणि जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाच्या जोडीला तेच सांगते. वजनकाट्यावरही फार विसंबू नये. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात; तो मोजताना फीत शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी, पँटच्या मापावरून अंदाज बांधू नये, कारण पट्टा पोटाखाली सरकत जातो आणि पोट वाढले तरी ते माप वर्षानुवर्षे तेच राहते.

मनाबद्दल मात्र आपण फारच कमी बोलतो, याची मला खंत वाटते. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा घरच्यांवर खेकसणे, पहाटेच उडणारी झोप आणि वाढत जाणारे पिणे यांतून दिसते, आणि घरातले त्याला स्वभाव समजून सोडून देतात. असे आठवडेच्या आठवडे चालले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.