मदत हवी आहे: जुन्या गॉडझिलापटांतले कोणते पाहू?

१९५४चा मूळ जपानी ‘गॉडझिला’ पाहिला (१९५६ची, अमेरिकी वार्ताहर घुसडलेली आवृत्ती नव्हे). अणुबॉम्बची भीती, जळतं टोकियो, इफुकुबे यांचं संगीत... दोन दिवस डोक्यातून जाईना. मग उत्साहात १९६९चा ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’ लावला आणि पचका झाला. एका लहान मुलाची स्वप्नं, त्यात बऱ्याच मारामाऱ्या आधीच्याच सिनेमांतून उचललेल्या! १९६४चा मोथ्रावाला (मोथ्रा म्हणजे महाकाय पतंगकीटक) मात्र आवडला.

रबरी सूटमधला माणूस, खेळण्यातले रणगाडे चालतील. खरं तर तीच गंमत. पण माणसांचं कथानक रटाळ असलं की मला झोप येते. हॉलिवूडचे नकोत, सबटायटल चालतील. १९७५पर्यंतच्या पहिल्या १५ चित्रपटांपैकी आणखी कोणते दोन-तीन पाहावेत, आणि क्रम सोडला तर काही अडतं का?