व्हिएतनामी संशोधकांसाठी फेलोशिप: आधी मार्गदर्शक की आधी उमेदवार?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेने व्हिएतनाममधल्या तरुण प्राध्यापकांसाठी एका सत्राची फेलोशिप सुरू करायचं ठरवलंय. विषय ऊसशेती आणि सहकार. सगळं काम माझ्या टेबलावर आलंय. संचालकांचं म्हणणं, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण बघून यादी लावा, जुलैत बोलवा, मार्गदर्शक नंतर बघू. मला हे पटत नाही, पण त्यांच्यापुढे ठेवायला ठोस मुद्दे हवेत. व्हिसा आणि पोलीस नोंदणीचा कुणाला अनुभव असेल तर तेही लिहा.

पंचगंगा:
तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. निवृत्त होईपर्यंत मी परदेशी अभ्यासकांचंच काम बघितलं, त्यात व्हिएतनामी पुष्कळ होते. आधी मार्गदर्शक, मग फेलो. ज्या सरांकडे तो माणूस बसणार, त्यांनी प्रस्ताव वाचून "आठवड्यातली एक दुपार याला देतो" असं लेखी दिल्याशिवाय नाव यादीत घालू नका.

हनोईहून एक प्राध्यापिका आल्या होत्या. त्यांना नेमून दिलेले सर बाकीच्या समित्यांत इतके अडकलेले की भेटच होईना. बाई रोज ग्रंथालयात येऊन बसायच्या, विचारलं की हसून "ठीक आहे" म्हणायच्या. पाहुणा तक्रार करत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका! शेवटी करवीर तालुक्यातल्या एका कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांनी त्यांना गटऑफिसला, म्हणजे कारखान्याच्या गावाकडच्या कचेरीत नेलं. तिथे चिटबॉयबरोबर, म्हणजे शेतावर जाऊन उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाबरोबर, बांधावर उभं राहून त्यांनी उसाची नोंद कशी होते ते बघितलं. लागण कधीची, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक) आहे का, जात कुठली, क्षेत्र किती, हे सगळं त्या वहीत उतरवून घेत होत्या. त्यांच्या प्रबंधाचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

म्हणून जुलै नको. जुलैत कारखाने बंद, शेतात चिखल. विषय ऊस असेल तर गळीत हंगाम धरून ऑक्टोबरअखेर बोलवा. अडचण एकच, त्यांचं नवीन वर्ष 'तेत' जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. आपल्या दिवाळीला घर सोडून राहायला सांगितलं तर कसं वाटेल? तेव्हाची रजा आधीच वेळापत्रकात धरा. त्यांचं शैक्षणिक वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि सरकारी विद्यापीठातल्या शिक्षकाला बाहेर पडायला तिथल्या संस्थेचा लेखी आदेश लागतो. तुमचं निमंत्रणपत्र तारखांसह बरंच आधी जायला हवं.

गुणांबद्दल संचालकांना एक दाखला द्या. व्हिएतनामकडून येणाऱ्या जुन्या कर्जफेडीतून अमेरिकेने २००० साली कायदा करून व्हिएतनाम एज्युकेशन फाउंडेशन काढलं, वर्षाला ५० लाख डॉलरचं. त्यांनीसुद्धा नुसत्या कागदावर निवड केली नाही. त्या त्या विषयाचे प्राध्यापक व्हिएतनामला जाऊन उमेदवारांशी समोरासमोर बोलायचे. तुम्ही व्हिडिओवर बोला. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा आणि उमेदवाराला त्याचाच एखादा तक्ता उघडून समजावून सांगायला लावा. बोलण्यात अडखळणारी माणसं स्वतःच्या आकडेवारीवर आली की कशी खुलतात ते मी बघितलंय.

उद्यमनगर_७:
व्हिसाचं मी सांगतो. संशोधनाला येणाऱ्याने पर्यटक व्हिसावर येऊ नये, इथे आल्यावर तो बदलून मिळत नाही. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, पण जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक शाखेत एकदा जाऊन ओळख करून ठेवा. राहायची जागा देणाऱ्याने २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या माहितीचा फॉर्म ३ (पूर्वीचा फॉर्म सी) भरायचा असतो. घरमालकांना हे ठाऊक नसतं, तुम्हीच बसून भरून घ्या.
आणि नावं! त्यांचं आडनाव आधी येतं. न्गुयेन आडनावाची माणसं इतकी की एकाच तुकडीत दोन-तीन निघतील. सगळ्या कागदांवर पासपोर्टप्रमाणेच क्रम ठेवा, हाक मात्र शेवटच्या नावाने मारा.

टाकाळ्याची_सून:
आमच्याकडे दोघी राहून गेल्या. तांबडा रस्सा झेपला नाही, पांढरा मात्र वाटीवर वाटी घेतला. भाताचा कुकर खोलीत ठेवू द्या, निम्मे प्रश्न सुटतात. त्यांच्यातले बरेच बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात. मेसवाल्या मावशींना हे आधी सांगून ठेवलं की पुरे.
एक विनंती. शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन व्हिएतनामने अमेरिकेशी युद्ध जिंकलं असा जो व्हॉट्सॲपवरचा मेसेज फिरतो, तो स्वागताच्या भाषणात नको. त्याला आधार नाही, आणि अभ्यासकांसमोर महाराजांचं नाव घ्यायचं तर पुराव्यानिशीच घ्यावं. व्हिएतनाममधल्या चंपा या जुन्या हिंदू राज्याच्या 'मी सन' इथल्या मंदिरांवर बोला. तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धार केलाय आणि २०२० मध्ये अखंड दगडाचं शिवलिंगही सापडलं.

राजारामपुरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगाताई, निधीतला काही भाग परदेशी फाउंडेशनकडून यायची शक्यता आहे. आणि फेलोंना पैसे कसे द्यायचे?

पंचगंगा:
परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. नोंदणी नसेल तर पहिलं वर्ष स्वतःच्या निधीवर करा, माणसं कमी घ्या. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या मेकाँग-गंगा शिष्यवृत्त्या व्हिएतनामलाही आहेत, पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांना तिकडे वळवा.
बँकेत खातं उघडायला वेळ लागतो. तोवरच्या पहिल्या हप्त्याची मंजुरी हिशेबनिसांकडून आधीच घेऊन ठेवा. "खातं झालं की देऊ" असं परक्या मुलखात नुकत्याच उतरलेल्या माणसाला ऐकवू नका, तेव्हाच तर त्याला अनामत, गादी, सिमकार्ड सगळं घ्यायचं असतं. संचालकांसाठी टिपण केलंत तर इथे टाका, मी वाचून सुधारणा सुचवेन.