केळीच्या ट्रकवर सौ.ला सोबत न्यायचंय: कागद, केबिन, थांबे कसे बसवायचे?

फैजपूर_बाराचाकी

राम राम. गाडी स्वतःची आहे, बारा चाकी, कंपनीची स्लीपर केबिन, बीएस-6 (नव्या धूर-नियमांची). फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यात केळी भरून बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्लीची आझादपूर मंडी. परतीला मिळेल तो माल. क्लीनर टिकत नाहीत, पोरं शिकायला बाहेर आहेत, म्हणून दिवाळीनंतर सौ.ला सोबत न्यायचं ठरतंय. लांबच्या रूटवर ती पहिल्यांदाच येणार. पोलीस-आरटीओचा त्रास होतो का? विम्यात ती बसते का? केबिनमध्ये चहा-खिचडी कशावर करावी? आणि बाईमाणसाची संडास-बाथरूमची सोय कशी लावायची? ज्यांना नीट माहीत आहे त्यांनीच सांगावं.

धुळे_विमावाला

भाऊ, सगळ्यात आधी आरसी काढून त्यावरची बैठक क्षमता बघा. हा आकडा ड्रायव्हर धरून असतो. 2 असेल तर तुम्ही आणि वहिनी, मग तिसरा माणूस चढवायचा नाही. 3 असेल तर क्लीनरही चालेल. क्षमतेत बसत असेल तरी बायकोला केबिनमध्ये नेण्याबद्दल तुमच्या आरटीओत एकदा विचारून घ्या. बेल्ट मात्र दोघांनाही हवा, नाहीतर 1000 रुपये. बाजूच्या सीटचा बेल्ट बहुतेक गाड्यांत गादीखाली दाबलेला असतो किंवा त्याचं बक्कल तुटलेलं असतं. तो आधी दुरुस्त करून घ्या.

आता विमा, कारण खरी अडचण इथेच आहे आणि ती अपघात झाल्यावरच कळते. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत केबिनमधला प्रत्येक माणूस धरलेला नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 147 मध्ये 1994 च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी आला. फुकट बसलेला माणूस त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘बायको आहे’ या नात्याला इथे काही वजन नाही. तुमच्या गाडीला ओनर-ड्रायव्हरचा 15 लाखांचा अपघात विमा असेल, पण तो फक्त तुमचा. वहिनींचा नाही.

यावर तीन गोष्टी करता येतात. एक, पॉलिसीत आयएमटी-37 जोडायला सांगा. भाडं न देणाऱ्या प्रवाशाबद्दलची जबाबदारी त्यात येते. एजंट ‘काही गरज नाही’ म्हणाला तरी कंपनीकडून लेखी एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती) घ्या आणि त्यावर माणसांची संख्या छापलेली आहे का ते वाचा. दोन, वहिनींच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून गप्प बसू नका, ट्रकसोबत प्रवास असतो हे लिहा. माहिती लपवली हेच क्लेम नाकारायचं पहिलं कारण असतं. तीन, बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. ही रक्कम तुटपुंजी आहे, पण नसण्यापेक्षा बरी. 31 मेच्या सुमारास खात्यात पैसे नसले तर कव्हर तुटतं.

काही जण ‘ती क्लीनरच आहे’ असं सांगायचा सल्ला देतात. पगाराची नोंद आणि बँकेत जमा झालेली रक्कम दाखवता येत असेल तरच ते टिकतं. नुसतं तोंडी सांगून क्लेम मिळत नाही.

जळगाव_ऑटोवायरिंग

स्वयंपाकाचं मी सांगतो, कारण वायरिंगची वाट तिथेच लागते. तुमची गाडी 24 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीत. कारची किटली, कारचा पंखा, 12 व्होल्टचा इन्व्हर्टर सरळ लावला की जळणार. मग कुणीतरी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची तार काढून देतो. वस्तू चालते, पण ती एक बॅटरी रोज उतरते. अल्टरनेटर मात्र दोन्हींना मिळून चार्ज करतो, त्यामुळे ती अर्धवट राहते आणि दुसरी उकळते. काही महिन्यांत सेल्फ मारणं बंद, आणि दोन्ही बॅटऱ्या बदलायची वेळ येते. 24 ते 12 चा कन्व्हर्टर लावा, 10 अँपिअरचा पुरतो. मोबाइल आणि छोटा पंखा त्यावर.

किटली किंवा राइस कुकर 24 व्होल्टचाच घ्या. 300 वॅटचा असेल तर साडेबारा अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर तो लावू नका, फ्यूज उडेल नाहीतर सॉकेट वितळेल. बॅटरीपासून वेगळी 4 स्क्वेअर मिमीची तार, आणि बॅटरीजवळच 20 अँपिअरचा फ्यूज. फ्यूज केबिनमध्ये बसवला तर मधल्या तारेला संरक्षण राहत नाही. चेसिसला घासून इन्शुलेशन गेलं की आग तिथूनच लागते. पंख्याची चिंता नको, 20 वॅटचा रात्रभर चालला तरी सात-आठ अँपिअर-तासच खातो. किटली मात्र इंजिन चालू असतानाच लावा.

गॅसवर करायचं असेल तर 5 किलोची टाकी बाहेर टूलबॉक्समध्ये, उभी, पट्ट्याने आवळून. रेग्युलेटर काढलेला. चूल नेहमी गाडीखाली उतरून, वाऱ्याच्या आडोशाला, पंपापासून लांब. केबिनमध्ये गॅस पेटवायचा नाही आणि थंडीत शेगडी तर अजिबात नाही. तुम्ही दिवाळीनंतर निघताय, ग्वाल्हेरच्या पुढे रात्री काच बंद करावीशी वाटणारच. बंद केबिनमध्ये कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड भरतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. दोन जाड गोधड्या आणि एका बाजूची काच दोन बोटं उघडी, एवढं पुरतं.

शिरपूरची_ताई

भाऊ, वहिनींना हे वाचायला द्या.

पाणी कमी प्यायचं नाही. ‘मध्ये थांबता येणार नाही’ म्हणून बाया सकाळपासून घोट घोट पितात, लघवी रोखतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जळजळ, ताप सुरू होतो. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी आणि दर तीन तासांनी थांबा, लागली असो वा नसो. थांबा ठरवायचा तो पंपावर. पंपावर शौचालय फुकट वापरू द्यावं लागतं. कुलूप असेल तर मॅनेजरकडे चावी मागायची. डिझेल, बीएस-6 गाडीत धूर साफ करायला लागणारा युरिया आणि संडास एकाच ठिकाणी उरकायचं, म्हणजे केळीच्या वेळेला धक्का लागत नाही. पहाटे पाचच्या आत पंपावर गर्दी कमी असते, अंघोळ तेव्हाच. सोबत दोन लिटरचा तांब्या किंवा बाटली, साबणाचे कागद, टॉर्च, आणि पाळीसाठी जाड कागदी पिशव्या. कपडा वापरत असाल तर तो उन्हात वाळायला हवा, केबिनमध्ये ते जमत नाही, म्हणून प्रवासापुरते पॅड बरे.

साडी नको, सलवार-कमीज. केबिनच्या पायऱ्यांची जाळी दातेरी असते, काठ किंवा परकर तिथेच अडकतो. उतरताना तोंड केबिनकडे, पाठ रस्त्याकडे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, तीन ठिकाणी धरलेलं असलंच पाहिजे. डाव्या दारातून उतरायच्या आधी खाली बघायचं. साइडपट्टीला नाली किंवा खड्डा असतो आणि अंधारात पायरीखाली जमीनच नसते. मागच्या बर्थवर गाडी चालू असताना झोपू नका. ब्रेक लागला की माणूस सरळ काचेवर येतो. दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नका.

खाण्यासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. हिवाळ्यात दशमी तीन दिवस टिकते. ताजं फक्त रात्री, कुकरमध्ये खिचडी. रस्त्यात शेवभाजी चापून खाल्ली की ड्रायव्हरला दुपारी डुलकी येते. ती परतीच्या मुक्कामाला ठेवा.

फैजपूर_बाराचाकी

आरसीवर 3 आहे. आयएमटी-37 चं उद्या विचारतो. एक राहिलं: तिला काम काय द्यावं, काय देऊ नये? नुसती बसून कंटाळेल.

सेंधवा_रूट

ताडपत्री. हिवाळ्यात केळीला ती जबाबदारी मोठी. 13 अंशांच्या खाली साल काळपट पडते आणि पुढे फळ नीट पिकत नाही, म्हणून रात्री बंद. पण आतला माल स्वतः गरम होतो, म्हणून दुपारी बाजू उघडून हवा द्यावी लागते. दोर खालून ओढायचं आणि गाठ मारायचं काम वहिनींचं. मालावर चढायचं काम तुमचंच, दवाने ताडपत्री निसरडी असते.

रिव्हर्सला त्यांना डाव्या आरशात दिसतील अशा उभं करा. आरशातून दिसेनाशा झाल्या की गाडी थांबवायची, आवाजावर मागे घ्यायची नाही. गाडीच्या थेट मागे कधीच उभं करू नका.

हिशेब त्यांच्याकडे द्या. टाकी फुल ते फुल लिहिलं तरच ॲव्हरेज खरा कळतो. युरिया डिझेलच्या साधारण 4 ते 6 टक्के जातो, एकदम वाढला तर गळती बघा. फास्टॅगमध्ये बॅलन्स नसेल तर टोलवर जादा पैसे जातात, यूपीआयने सव्वापट. केळीला ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, पण परतीच्या मालाला लागलं तर दर 200 किलोमीटरला एक दिवस धरून मुदत मोजायची. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. ती वेळ मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा, तुम्ही स्टेअरिंगवर असताना आठवत नाही.

परतीचा माल घेताना आधी विचारा: गेटच्या आत दुसरा माणूस सोडतात का? पुष्कळ कारखान्यांत आणि बंदरावर फक्त ड्रायव्हरला पास मिळतो, मग बाईमाणूस चार-सहा तास गेटबाहेर. तसा माल असेल तर वहिनींना आधीच्या पंपावर किंवा ओळखीच्या घरगुती ढाब्यावर थांबवा. पेट्रोल, गॅस, केमिकल वहिनी सोबत असताना भरूच नका.

आणि आग्रा रोडने सेंधव्याकडून शिरपूरला उतरलात तर बिजासन घाट. पलासनेरपर्यंत उतार आहे, लोड असताना वरच गिअर खाली घ्या, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा) चालू ठेवा, न्यूट्रल नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, पकड जाते; सारखा दाबत-सोडत राहिलात तर ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटाही खाली येतो. त्या काट्यावर डोळा ठेवायला वहिनींना आधीच शिकवा. 5 बारच्या खाली आला की लगेच सांगायचं. काही अडलं तर हायवेचा 1033 आणि पोलिसांचा 112, दोन्ही नंबर त्यांच्या फोनमध्येही टाका.