साडेचार वर्षांचं पोरगं परत चड्डी ओली करूलालंय, घरातल्या टेन्शनमुळं असेल का?

विडीघरकुलची_सून: नमस्कार. आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते, दोन महिन्यांपूर्वी लूम बंद केले, तेव्हापासून घरीच आहेत. सासूबाईंच्या विड्यांवर आणि माझ्या शिलाईवर चाललंय. आता झालंय असं की पोरगा आधी एकदम शहाणा होता, वर्षभर रात्री कोरडा असायचा, आता आठवड्यातून तीन-चारदा ओलं करतो, बालवाडीत सोडताना पदर सोडत नाही, आणि ठोकळ्यांचा मनोरा पडला की सगळे ठोकळे फेकून देतो आणि म्हणतो मला येतच नाही. हे म्हणतात रडू दे, घट्ट होईल. सासूबाई रोज मीठ-मोहरी उतरवून टाकतात. मला कळंना कुणाचं ऐकू.

सातरस्ता_एक्सप्रेस: काय नाही होत बे ताई, आम्ही पण असंच मोठं झालो. गड्ड्याच्या जत्रेत हरवलो तर सापडल्यावर आधी दोन फटके मिळायचे, मग भजी. आजकाल पोरांचे लाड लई झालेत.

अंगणवाडीवाल्या_मावशी: दादा, फटके लक्षात राहिलेत तुमच्या, भजी पण राहिलीत, पण भजी देणारं कोण होतं ते बघा की. ताई, मी बरीच वर्षं तीन ते सहाच्या पोरांत आहे. घरात काही बिघडलं की या वयाची पोरं एक पायरी मागं जातात, अंगठा चोखतील, बोबडं बोलतील, ओलं करतील, त्यात लबाडी नसते. पण आधी डॉक्टरांना दाखवा. वर्षभर कोरडं असलेलं पोर परत ओलं करायला लागलं तर लघवी तपासून घ्यायची, कधी इन्फेक्शन असतं, कधी पोट साफ नसतं, खूप तहान आणि वजन उतरत असेल तर साखर पण बघतात. रागवू नका, आणि दुसऱ्यांसमोर तर विषयच नको.

दुसरं म्हणजे त्याला खरं सांगितलंय का कुणी? तुम्ही दोघं कुजबुजता, तो आला की गप्प होता, आणि एवढ्याशा पोराला वाटतं माझ्यामुळंच काहीतरी झालं. "बाबांचा कारखाना बंद झालाय, बाबा दुसरं काम शोधतायत, तू काही केलं नाहीस" एवढं बास. कर्जाबिर्जाचं नको सांगू. आणि त्याला घरातलं एक खरं काम द्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी छोटी कळशी त्याची. सांडू दे थोडं.

जुळे_सोलापूरकर: मावशींना प्लस वन. हवाई बेटांत कवाई म्हणून एक बेट आहे, तिथं १९५५ साली जन्मलेल्या सातशेच्या आसपास मुलांवर एमी वर्नर बाईंनी चाळीस वर्षं लक्ष ठेवलं. गरिबी, घरात भांडणं, आजारपण असल्या घरांतली जी मुलं होती त्यातली साधारण एक तृतीयांश चांगली निभावली, आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी सापडली, जवळ भरवशाचं एक तरी माणूस होतं. आई-बापच पाहिजे असं नाही, आजी, शेजारी, बाई पण चालल्या. म्हणजे तुमच्या सासूबाई मीठ-मोहरी उतरवतात तेव्हा पोराला मांडीवर घेतात ना? मग उतरवू द्या की.

पण नवऱ्याचं कोण बघतंय? दिवसभर घरात बसलेला माणूस बाहेरून दगड दिसतो. झोप उडाली असेल, चिडचिड असेल तर टेली-मानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कंबर_तलाव_संध्याकाळी: माझं काम गेलं होतं तेव्हा मी पण रडू दे म्हणणाराच होतो. खरं सांगू का, पोरगी रडली की मला माझंच रडू यायचं म्हणून ओरडायचो. मग बायकोनं रोज सहा वाजता आम्हा दोघांना घराबाहेर काढायला सुरुवात केली, तलावाला एक चक्कर, येताना शेंगदाणे, एवढंच. ठोकळ्यांचं म्हणाल तर तिच्यासमोर माझाच मनोरा पाडायचो आणि म्हणायचो, च्यायला, पडला, खालचा ठोकळा बारका लागला वाटतं, आणि परत लावायचो. चार दिवसांनी तीच मला सांगायला लागली, पप्पा खाली मोठा लावा.

विडीघरकुलची_सून: सगळ्यांना थँक्यू, उशिरा लिहितेय. लघवी नॉर्मल आली, पण डॉक्टर म्हणले पोट कडक आहे, बालवाडीतल्या संडासात जायला भितो म्हणून दाबून धरायचा म्हणे, मला पत्ताच नव्हता! औषध चालू आहे, या आठवड्यात एकदाच ओलं झालं. कारखान्याचं यांनीच सांगितलं त्याला, मावशींचं वाक्य मी पाठ करून घेतलं होतं यांच्याकडून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग उद्या पण तुम्हीच मला सोडायला येणार? हे हो म्हणले. आता रोज रात्री सिद्धेश्वराला हात जोडून काहीतरी पुटपुटतो, मला डाऊट आहे की बाबांना काम मिळू नये असंच मागूलालाय.