वाकडे दात: व्हिनीअर्स की तारा? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा

वय 38. वरचा डावा सुळा बाहेर डोकावतो, शेजारचा दात आत आणि जरा फिरलेला. आजी म्हणायची दातावर दात असलेला भाग्यवान. तेवढ्यावर आमच्या घरात विषय संपला होता. गेल्या महिन्यात सहकारनगरातल्या एका डॉक्टरांनी वर सहा व्हिनीअर्स (दातावर पुढून बसवायची पातळ कव्हरं) सुचवली, तीन भेटींत काम संपेल म्हणाले. टिळक रोडवरचे दुसरे म्हणाले, तारा लावा, दीड-दोन वर्षं जातील. दोघेही सज्जन वाटले, हीच अडचण आहे. सल्ला नको, तो भरपूर मिळालाय. स्वतःच्या तोंडात काय झालं ते लिहा.

कोथरूडहून

मी व्हिनीअर्सवाली. 2016, लग्न तीन महिन्यांवर. तारा लावून बोहल्यावर उभं राहायची हिंमत नव्हती आणि सासूबाईंनी 'फोटोपुरतं तरी बघ' म्हटलं होतं. सहा दात केले. व्हिनीअर दातावर नुसतं चिकटवतात असा माझा समज. प्रत्यक्षात आधी पुढून दात घासतात. सरळ दाताला साधारण अर्धा मिलिमीटर पुरतो, पण माझा एक दात बाहेर आलेला, म्हणून तो जास्त घासला. घासलेलं इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) परत येत नाही, हे सही करायच्या कागदावर होतं. वाचलं कोणी?

मधले काही दिवस तात्पुरती कव्हरं होती, तेव्हा थंड पाण्याने कळ डोक्यात जायची. फोटो मात्र सुंदर आले, खोटं का बोलू.

पुढे त्या जास्त घासलेल्या दाताचं रूट कॅनाल झालं. आत वळलेल्या दाताला सरळ दाखवायला व्हिनीअर जाड केलं होतं, त्याच्या कडेला अन्न साचून हिरडी सुजायची, ब्रश लागला की रक्त. 2023मध्ये लोणावळ्याहून येताना चिक्की खाल्ली आणि एक व्हिनीअर हातात आलं. डॉक्टर म्हणाले, पोर्सिलेनचं असलं तरी दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतंच. मी आता 33 वर्षांची आहे. हिशेब तुम्हीच करा.

डेक्कनवरून

अकरावीत तारा, दोन वर्षं. नंतर दात सरकू नयेत म्हणून घालायचा रिटेनर टिश्यूत गुंडाळून हॉटेलच्या ताटाशेजारी ठेवला, ताटाबरोबर गेला. नवीन करायचा कंटाळा केला. खालचे दात आता पुन्हा जसेच्या तसे. बस, एवढंच.

धनकवडीहून

41व्या वर्षी तारा लावल्या, मुलगी आठवीत असताना. आम्ही दोघी एकाच दिवशी जायचो.

खर्चामुळे डेंटल कॉलेज गाठलं. भारती विद्यापीठाचं जवळच आहे, पिंपरीला डी. वाय. पाटील, कॅम्पात रंगूनवाला. पैसे बरेच कमी लागतात, वेळ बराच जास्त. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस धरा. एमडीएसचे, म्हणजे डेंटिस्ट होऊन पुढे शिकणारे विद्यार्थी काम करतात, वर सर येऊन तपासतात. माझं काम करणारी विद्यार्थिनी आपली तीन वर्षं पूर्ण करून गेली आणि शेवटचे चार महिने दुसऱ्याकडे. त्याला माझे दात पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावे लागले.

जागा करायला चार उपदाढा काढल्या. त्या रात्री मी रडले, दुखण्यापेक्षा चांगले दात काढले म्हणून. तार आवळली की दोन-तीन दिवस गुरगुट्या भात नि आमटी. तार गालाला टोचली की मेण लावायचं. आणि हे कोणी सांगत नाही: सिरॅमिकच्या तारांना जे पारदर्शक रबर असतात ते आपल्या हळदीने पहिल्याच वरणात पिवळे होतात. ऑफिसात मी पुढची पट्टी पिवळी घेऊन हसायचे. 22 महिने. पुन्हा करीन.

औंधहून, पेशाने दंतवैद्य (तारांचा स्पेशालिस्ट नाही)

दात हाडात रोवलेला खांब नसतो. सततच्या हलक्या दाबाने एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात सरकतो. वेळ लागतो तो त्यासाठी. हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो आटोक्यात, मगच तार. व्हिनीअर दात हलवत नाही, झाकतं. लहान राहिलेला दात, तुटलेली कड, फ्लोराइडच्या पाण्याने डागाळलेले दात, तिथे मी स्वतः व्हिनीअर देतो. रात्री दात खाणाऱ्याला देताना दहादा विचार करतो. आणि चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, नीट नसेल तर तो व्हिनीअरखाली तसाच राहतो.

बाणेरहून

अलाइनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे. दिवसाचे 22 तास घालायचे, खाताना काढायचे, पाण्याशिवाय काही पिताना काढायचे. पुणेकर माणूस, अमृततुल्यवर दिवसातून पाच चहा. प्रत्येक चहाला काढा, चूळ भरा, घाला. मी 22चे 15 तास केले. दात ठरल्याप्रमाणे सरकलेच नाहीत, पुन्हा स्कॅन, पुन्हा नवे सेट, आठ महिने वाढले. दोष अलाइनरचा नाही. चहाचाही नाही म्हणा.

शनिवार पेठेतून

काही केलं नाही. वय 67. वाकड्या दातांनी ऊस सोललाय.

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचलं. चिक्कीचं दोनदा. काल ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढून तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्या फक्त तारांचंच काम करतात. त्यांनी आधी खालचे पुढचे दात दाखवले: वरच्या आत गेलेल्या दातावर आपटून एकाची कड झिजली आहे, हे मला माहीतच नव्हतं. व्हिनीअर्स लावली असती तर तो दात त्यांच्यावर आपटला असता. आता आधी स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, मग दीड वर्ष तारा, शेवटी झिजलेल्या कडेला थोडं कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण. गणपती होऊ द्या, तळणीचे मोदक खाऊन घेतो, मग लावतो. आई म्हणाली, 'आता चाळिशीत?' धनकवडीच्या ताईंचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला.

डेक्कनवाल्यांना एक विचारायचंय, रिटेनरची डबी भडक केशरी मिळते का कुठे?