खुनाच्या खटल्यात भिस्त कशावर? साक्षीदारावर की प्रयोगशाळेवर?

बालाघाटी (केज)
माझं मत सरळ आहे. खुनाच्या खटल्यात माणसाच्या साक्षीवरची भिस्त कमी केली पाहिजे. आमच्याकडं साक्षीदार दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातो. समन्स गावात येतं तेव्हा तो कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतो. गावात राहिलाच तर भावकीचा दाब. पंच कोर्टात सांगून मोकळे होतात, ‘सही माझी आहे, पण पंचनामा वाचला नव्हता.’ रक्ताचा डाग असा फितूर होत नाही.

इंग्लंडात लेस्टरजवळ १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. एका १७ वर्षांच्या पोरानं त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाच्या डीएनए चाचणीनं तो पोरगा निर्दोष ठरला आणि खरा खुनी कॉलिन पिचफोर्क १९८८ मध्ये जन्मठेपेला गेला. आपल्याकडं १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, आली. तिच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जायचं, असं लिहिलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. माझं म्हणणं, एवढी वाट कशाला बघायची?

काळा कोट (लातूर)
दादा, पिचफोर्कची तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथल्या पोलिसांनी हजारो पुरुषांचं रक्त तपासलं, त्यात हा सापडलाच नाही. यानं आपल्या जागी कामावरच्या सोबत्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. तो सोबती पुढं दारू पिताना बोलून गेला, एका बाईनं ते ऐकलं आणि पोलिसांना सांगितलं. त्या बाईनं तोंड उघडलं, म्हणून डीएनए जुळवायला माणूस हाती लागला.

तीस वर्षं सत्र न्यायालयात काढली आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल आला की सगळे हुरळून जातात. मी आधी बघतो नमुन्याला सील कुणी लावलं, पोलीस ठाण्याच्या मालखान्यात मुद्देमाल किती दिवस पडून होता. दिल्लीच्या एका बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात डीएनए अहवाल होता, खालच्या दोन्ही न्यायालयांनी तिघांना फाशीची शिक्षा दिली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिघांनाही सोडलं. नमुने मालखान्यात पडून होते, त्यांच्याशी छेडछाड झाली नसेल याची खात्री न्यायालयाला वाटली नाही.

सीसीटीव्हीचंही तेच. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओवरून. २०२० मध्ये निकाल लागला: मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही, तर यंत्र सांभाळणाऱ्याच्या प्रमाणपत्राशिवाय नक्कल पुरावा म्हणून चालणार नाही. खुनाच्या खटल्यालाही तोच नियम.

सूक्ष्मदर्शी (छ. संभाजीनगर)
काका, यात विज्ञानाची चूक कुठं आहे? मी इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकतो. पहिल्या वर्षीच डोक्यात बसवतात: रक्तानं भिजलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा नाही. सावलीत वाळवायचा, मग कागदी पाकिटात. आपल्या ४२ डिग्रीच्या उन्हात ओला कपडा पिशवीत बांधला की दोन दिवसांत कुजतो, आणि त्यातला डीएनएसुद्धा. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचा, फॉर्मॅलिनमध्ये नाही. शिवाय त्या द्रावणाचा वेगळा नमुनाही पाठवायचा. यातलं काहीच महाग नाही.

आणि साक्षीदाराचं म्हणाल, तर आपल्या राज्यातल्याच एका खटल्यात प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या ओळखीवर भटक्या समाजातल्या सहा जणांना दोषी धरलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. तरुणपण तुरुंगात गेलं त्यांचं.

काळा कोट (लातूर)
ते प्रकरण मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण वाळवायची सावली कुठं आहे, बाळा? ठाण्यात मालखान्याची एक खोली, तिला एक खिडकी, आत जप्तीच्या मोटारसायकली.

बालाघाटी (केज)
मग ती खोली सुधारा म्हणा ना! साक्षीदार कसा सुधारणार?

अबोली (नांदेड)
तुमचं सगळं वाचलं, म्हणून लिहिते. माझी धाकटी बहीण सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. तिच्या चपला काठावर नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या. पाय घसरून पडणारी बाई चपला जोडून ठेवती का? त्यांचा फोटो कुणी काढला नाही. अहवालात ‘बुडून मृत्यू’ एवढंच. आता काही तपासता येतं का?

सूक्ष्मदर्शी (छ. संभाजीनगर)
ताई, पाण्यात डायटम नावाचं बारीक शेवाळ असतं, त्याचं कवच काचेसारखं टणक. जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात जातं, हृदय चालू असतं, म्हणून ते कण रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. मेलेला देह टाकला तर बहुधा पोचत नाहीत. जुळवून बघायला त्या वेळी विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं का?

अबोली (नांदेड)
नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही.

काळा कोट (लातूर)
ताई, दहन झालं की दफन?

अबोली (नांदेड)
दफन. आम्ही लिंगायत आहोत.

काळा कोट (लातूर)
मग वाट बंद झालेली नाही. मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं देह बाहेर काढता येतो. अर्जात चपलांचं आधी लिहा, जसं इथं लिहिलंत तसंच. तुमची साक्ष आहे ती.

सूक्ष्मदर्शी (छ. संभाजीनगर)
मांडीच्या हाडातून तपासता येईल. पण खोटी आशा लावत नाही, ताई. विहिरीच्या पाण्यात डायटम कमी असतात, ऋतूप्रमाणे बदलतात. सापडले नाहीत म्हणून बुडालीच नाही असं म्हणता येत नाही. तरी विचारतो, त्या विहिरीचा गाळ काढलाय का?

अबोली (नांदेड)
नाही काढला. तेव्हापासून तिचं पाणी कुणी शेंदत नाही.