मदत हवी आहे: एमसीबी कधी पडतो, कधी पडत नाही. १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवू का?

रिकामटेकडी

मंडळी, वीजकामातलं कळणारं कुणी असेल तर जरा सांगा.

आमच्या स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या प्लगांची मिळून एकच लाइन आहे. वायर तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची. डीबीत (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत) तिच्यावर 'सी १६' लिहिलेला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आहे. या लाइनवर २००० वॉटचा गिझर, १५०० वॉटची इंडक्शन शेगडी आणि १२०० वॉटचा ओव्हन चालतो. तिन्ही एकदम चालू असली की एमसीबी पडतो, पण दरवेळी नाही! कधी अर्धा-पाऊण तास सगळं सुरळीत, तर कधी दहा-पंधरा मिनिटांत खटका खाली. लगेच वर केला तर टिकत नाही, थोडं थांबून केला की बसतो. उन्हाळ्यात हा त्रास जास्त.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, एमसीबी कमजोर झालाय, ३२ चा टाकू, कटकट मिटेल. घरात दुसरं एक मत असं आहे की खटक्याला चिकटपट्टी मारून तो वरच धरून ठेवावा. (हे मत कुणाचं ते विचारू नका.)

अजून दोन शंका. मागे टेबललॅम्पची वायर आतून चिरडली होती. प्लग लावला तर ठक्कन आवाज होऊन त्या लाइनचा एमसीबी आणि अख्ख्या घराचा मेन एमसीबी, दोन्ही एकदम पडले. छोटा होता की तिथे, मग मोठा कशाला पडला? आणि गिझर चालू असताना नळाला हात लागला की अधूनमधून झिणझिण्या येतात, पण तेव्हा मात्र एमसीबी ढिम्म. नको तिथे पडतो आणि हवं तिथे पडत नाही, म्हणजे तो खराबच झालाय ना?

चौकस

३२ नको, वायर तेवढी नाही. १६ चाच ठेवा, पण 'सी' काढून 'डी' टाइप घ्या. डी जास्त लोड सोसतो, मोटारींना तोच लावतात.

जुना वायरमन

ताई, तुम्ही जे सर्वात शेवटी लिहिलंत ते सर्वात आधी बघा. झिणझिण्या येतात तो गिझर आत्ता बंद करा, नुसतं बटण नाही, डीबीतून. दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. बाकीचं पाल्हाळ नंतर वाचलंत तरी चालेल.

एमसीबी माणसासाठी नसतो. तो असतो भिंतीतल्या वायरसाठी. शरीरातून ३०-४० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकतं, आणि तुमचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअर बिनतक्रार जाऊ देतो. त्याला तुमच्या झिणझिण्या दिसणारच नाहीत, नवा कोरा असला तरी. त्या ओळखायचं काम आरसीसीबी नावाच्या वेगळ्या खटक्याचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सारखा आहे का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल आणि तेवढा फरक पडला, तर ३०० मिलिसेकंदांच्या आत तो लाइन तोडतो. फरक पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत. शिवाय अर्थिंग धड असेल तर झिणझिण्या येऊच नयेत, गळलेला करंट त्या वायरीने निघून जातो. म्हणजे तुमच्याकडे दोन बिघाड आहेत: गिझरचं एलिमेंट गळतंय, आणि त्याची अर्थ वायर कुठेतरी तुटली किंवा सुटली आहे.

आता एमसीबी. त्याच्या पोटात दोन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांची गल्लत केली की सगळा गोंधळ होतो. एक, बायमेटलची पट्टी: दोन धातू एकमेकांना जोडलेले, तापले की कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सोडते. हिला वेळ लागतो. दुसरं, कॉइल: करंट एकदम उसळला की आतला दांडा ओढला जातो आणि क्षणात खटका पडतो.

तुमचा लोड मोजू. २००० अधिक १५०० अधिक १२०० म्हणजे ४७०० वॉट. २३० व्होल्ट धरले तर २०.४ अँपिअर, म्हणजे १६ च्या सव्वापटीहून थोडा जास्त. घरगुती एमसीबीचं जे आयईसी ६०८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात म्हटलंय की १.१३ पट करंटला (इथे १८ अँपिअर) तासभर तरी पडता कामा नये, आणि १.४५ पटीला (२३ अँपिअर) तासाभरात पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी. तुम्ही नेमक्या त्याच पट्ट्यात बसला आहात! त्यात गिझर आणि ओव्हनचे थर्मोस्टॅट आपापल्या वेळी चालू-बंद होतात, त्यामुळे तिन्ही खरोखर एकत्र किती वेळ ओढतात हे रोज बदलतं. उन्हाळ्याचंही तेच. पट्टीचं गणित ३० अंश तापमानाला बसवलेलं असतं. डीबी आतून ४५-५० अंश तापला की १६ चा एमसीबी १४-१५ चा असल्यासारखा वागू लागतो. पडल्यावर लगेच टिकत नाही कारण पट्टी अजून गरम असते. शॉर्ट असता तर थांबूनही टिकला नसता, वर करताक्षणी पुन्हा ठक्क. तेव्हा एमसीबी कमजोर वगैरे काही नाही, चोख काम करतोय. फक्त त्याच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला नाही ना ते पाहून घ्या, ढिल्या जोडाची उष्णतासुद्धा पट्टीला लागते.

चौकस, तुमच्या डी टाइपबद्दल. बी, सी, डी ही अक्षरं फक्त कॉइलची. बी छापील अँपिअरच्या तीन ते पाच पटीला उडतो, सी पाच ते दहा, डी दहा ते वीस. मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सात पट करंट घेते म्हणून तिला वरचं अक्षर. पट्टी तिघांची सारखीच. इथे पडतेय ती पट्टी, म्हणून डी लावून तसूभरही फरक पडणार नाही. उलट खरा शॉर्ट झाला आणि लाइन लांब असली, तर करंट डीच्या उंबरठ्यापर्यंत पोचायचाच नाही आणि तोडायला काही सेकंद लागतील. तेवढ्यात वायर भाजते.

३२ चा विषय. भिंतीतल्या पाइपातून गेलेली अडीचची वायर साधारण २० ते २४ अँपिअर वाहू शकते, एकाच पाइपात अनेक लाइनी कोंबल्या असतील तर आणखी कमी. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरला तासभर हलणार नाही. वायरचं पीव्हीसी मऊ होत राहील, भिंतीच्या आत, कुणाला न दिसता. कटकट मिटेल हे खरं, कारण सांगणाराच गप्प केलेला असेल.

चिकटपट्टीवाल्यांना नमस्कार सांगा. खटका हाताने दाबून धरला तरी आतले संपर्क स्वतंत्रपणे सुटतात, तशीच रचना असते. चिकटपट्टी मारून एवढंच होईल की पडलाय हे बाहेरून कळणार नाही.

रिकामटेकडी

गिझर डीबीतून बंद केलाय. मेन का पडला ते राहिलं. आणि आरसीसीबी बसवला तर एमसीबी काढून टाकायचा का? १६ ऐवजी २० चा चालेल का?

जुना वायरमन

शॉर्टमध्ये करंट शेकड्यांनी, कधी हजारांनी असतो. तुमच्या सी १६ ची कॉइल ८० ते १६० अँपिअरला ओढते. मेन ४० चा सी असेल तर त्याची २०० ते ४०० ला. हजार अँपिअर आले तर दोघांच्याही मर्यादा एकदम ओलांडल्या जातात आणि दोघंही शतांश सेकंदाच्या आसपास सुटतात. ओव्हरलोडला मात्र छोटाच आधी पडतो. मेन न पडता छोटाच पडावा अशी जोडणी जमते, पण त्यासाठी कंपनीचे तक्ते पाहून जोडी निवडावी लागते.

तो ठक्क आवाजही समजून घेण्यासारखा आहे. संपर्क सुटले म्हणून करंट थांबत नाही, हवेतून आर्क होऊन चालूच राहतो. तो आर्क बाजूच्या लोखंडी पत्र्यांच्या चळतीत ढकलला जातो, तिथे त्याचे तुकडे होतात, थंडावतो आणि विझतो. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्याचीही मदत होते. एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० छापलेलं दिसेल. तेवढ्या अँपिअरचा शॉर्ट तो फुटल्याशिवाय तोडू शकतो, असा त्याचा अर्थ.

आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, शॉर्टही कळत नाही. त्यामुळे एमसीबी हवाच. दोन्ही एकात हवं असेल तर आरसीबीओ मिळतो.

२० चा एमसीबी, वायर खरंच अडीचची आहे आणि पाइपात गर्दी नाही हे तपासल्यावर, चालू शकतो. पण लोड २०.४ आहे, म्हणजे तुम्ही काठावरच राहाल. खरा उपाय, गिझरला डीबीपासून वेगळी लाइन आणि तिच्यावर त्याचा स्वतःचा १६ चा एमसीबी. मग उरतात २७०० वॉट, बारा अँपिअरच्या आत.

चौकस

सोलर पॅनेलच्या डीसी बाजूला हेच एमसीबी चालतात का?

जुना वायरमन

नाही. डीसी शून्यावर येतच नाही, आर्क पेटलेलाच राहतो. डीसीसाठी म्हणून छापलेलाच ब्रेकर घ्या. बाकीसाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचं काम चाललंय.

रिकामटेकडी

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. प्लगाच्या मागे अर्थ वायर टर्मिनलमधून निसटलेली होती, आणि एलिमेंटचं मेगर टेस्टिंग (इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजणं) केलं तर इन्सुलेशन गेलेलं. एलिमेंट बदलतोय, गिझरची लाइन वेगळी ओढतोय, आरसीसीबीही बसतोय. त्यावरचं टेस्ट बटण दाबून पडला की सगळं ठीक समजायचं ना?

जुना वायरमन

आरसीसीबी ठीक, एवढंच समजायचं. ते बटण आतल्या रेझिस्टरमधून मुद्दाम फरक निर्माण करतं, अर्थ वायरशी त्याचा संबंध नाही. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटणाने तो पडेलच. म्हणून माणूस घरी आहे तोवर प्रत्येक प्लगाचं अर्थिंग वेगळं मोजून घ्या. आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते बटण दाबत जा, वर्षानुवर्षं न हललेला आरसीसीबी आतून अडकून बसतो.